मागचे चार नट

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलेलं नाही, आईला तिच्या शेवटच्या आजारातही सांगितलं नाही. देवासमोर उभा राहतो तेव्हासुद्धा मी या गोष्टीला बगल देतो — हात जोडतो, सगळ्यांचं बरं कर म्हणतो आणि पटकन मागे वळतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच का? असेल. माझ्या खात्यात तो आधीच बराच आहे.

कुठून सुरुवात करू? जीपपासून करतो. जीपबद्दल बोलणं सोपं जातं.

नाना म्हणजे माझे सासरे. राहतात दोंडाईच्याला. एका कारखान्याच्या गॅरेजात तीस-बत्तीस वर्षं फोरमन होते. निवृत्त झाले आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी स्वतःचं छोटं वर्कशॉप मांडलं. धंद्यासाठी नाही, हौसेसाठी. शेडच्या आडव्या लोखंडी गर्डरला चेनची कप्पी, भिंतीवर नंबराप्रमाणे टांगलेले पाने, आणि कोपऱ्यात कुठूनतरी उचलून आणलेली एक जुनी डिझेल जीप. मिरचीच्या दिवसांत शेजारच्या मोकळ्या जागेत मिरची वाळत पडायची आणि आम्ही दोघं जीपखाली झोपून शिंकत असायचो.

मी जळगावला सरकारी कचेरीत कारकून. टेबलावरचा माणूस. पण लहानपणापासून मला यंत्रांचं वेड. लग्नानंतर सासरवाडीत माझं मन कशात रमलं असेल तर त्या शेडमध्ये. सुट्टी मिळाली की सुरतकडे जाणारी पॅसेंजर पकडायची, दोंडाईच्याला उतरायचं, आणि जावयाचे कपडे काढून नानांचा जुना खाकी शर्ट चढवायचा. आक्का — माझ्या सासूबाई — कपाळाला हात लावायच्या. जावई आला की त्याला पाटावर बसवायचं, की गाडीखाली लोळवायचं?

माझा शालक दिनेश मला चिडवायचा. त्याचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. भला माणूस, पण जिभेला हाड नाही. दाजी, फाईल सरळ करता येते, नट सरळ लागतो का, असं तो चारचौघांत विचारायचा. मी हसायचो. पण ते मला लागायचं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. सबब म्हणून नव्हे. फक्त घडलं तसं.

त्या उन्हाळ्यात आम्ही जीपची पूर्ण चाल उतरवली होती. इंजिन, गिअरबॉक्स, आणि गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांमधल्या हाउसिंगपर्यंत ताकद पोचवणारा तो लांब दांडा, प्रॉपेलर शाफ्ट. सगळं उघडलं, धुतलं, झिजलेलं बदललं. पावसाळा संपता संपता परत बसवायला घेतलं. इंजिन कप्पीने उतरवून जागेवर बसवलं. गिअरबॉक्स मात्र दोन दिवस बसेना. त्याच्या पुढच्या दांड्याचे दाते क्लचप्लेटच्या दात्यांत जाईनात. मी घाम गाळत ढकलत होतो. नाना खाली झोपल्या झोपल्या शांतपणे म्हणाले, “जोर नका लावू, जवाईबापू. गाडी बोलस. आपन आयकनं.” आणि त्यांनी मागचा दांडा बोटांनी केसभर फिरवला. गिअरबॉक्स सुळकन आत गेला.

असा त्यांचा हात होता. हे तुम्हाला नीट कळायला हवं, म्हणून सांगतोय. त्या हाताचं मी काय केलं हे त्याशिवाय कळणार नाही.

नानांची एक पद्धत होती. नट कुणीही आवळो, शेवटी ते स्वतः पाना लावून बघायचे, आणि मग त्या नटावर लाल नेलपॉलिशचा एक टिपका द्यायचे. बाटली वैशालीची, म्हणजे माझ्या बायकोची, तिच्या लग्नाआधीची. ती संपली तशी तसलीच दुसरी आणली. शेडमधल्या फळीवर ग्रीसच्या डब्याशेजारी ती बाटली कायम असायची. टिपका म्हणजे नानांची सही. टिपका आहे म्हणजे नट नानांनी पाहिलाय, विषय संपला. कारखान्यातसुद्धा, म्हणे, नानांचा टिपका असला की ड्रायव्हर पुढचं काही विचारायचे नाहीत.

तर खंडेनवमीचा दिवस.

आक्कांच्या घरचा रिवाज कडक. खंडेनवमीला सगळी हत्यारं — पाने, हातोडे, विळे, दिनेशच्या दुकानातली करवतसुद्धा — धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहायची. आणि एकदा पुजली की दसऱ्याला सोनं लुटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. नाना एवढे मिस्त्री, पण या बाबतीत आक्कांच्या पुढे. वर्षभर ती राबतात, दोन दिवस त्यांना आराम, असं म्हणायचे. आणि दसऱ्याला जीप दारातून बाहेर काढायची हेही ठरलेलं. सगळ्या नातेवाइकांना सांगून झालं होतं.

नवमीच्या सकाळी फक्त शाफ्ट राहिला होता. त्याला दोन टोकं. पुढचं गिअरबॉक्सला, मागचं हाउसिंगला, दोन्हीकडे चार चार नटबोल्ट. पुढचे चार नानांनी आवळले, टिपके दिले आणि ते आंघोळीला गेले. मागचे चार माझ्याकडे. ते मी तोवर बोटांनी फिरवून बसवले होते — हाताने जेवढे जातात तेवढे. आता फक्त पाना लावून आवळायचे होते. चार नट. दहा मिनिटांचं काम.

ती दहा मिनिटं मी काय केलं? — मोबाइल बघत पडलो होतो. हो. गाडीखाली गार होतं, पाठ दुखत होती, कचेरीतल्या कुणीतरी पाठवलेला एक व्हिडिओ होता. कसला ते आठवतही नाही. आधी तो बघू, मग आवळू. एवढंच. नऊ वर्षं मी या गोष्टीला काहीतरी मोठं कारण शोधतोय आणि सापडतो तो व्हिडिओच.

तेवढ्यात आक्का आल्या. हातात साबणाच्या पाण्याचं घमेलं. “जवाईबापू, पाने द्या आते. मुहूर्त निंघी जाई.” माझ्या हाताशी पडलेला चौदाचा पाना मी त्यांना दिला. दोन मिनिटं थांबा म्हणायचं होतं. म्हटलं नाही. इतका वेळ काय करत होतात, असं त्यांनी विचारलं असतं का? नसतंच विचारलं. जावयाला कोण विचारतं? पण मला वाटलं, विचारतील. पाना घमेल्यात गेला.

दुपारी पुरणपोळीच्या पंगतीत नानांनी सहज विचारलं, मागचे चार आवळले ना? दिनेश समोर बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते हसू यायच्या बेतात होतं. मी म्हणालो, “हो नाना. चांगले कडक.”

कडक. नुसतं हो पुरलं असतं. कडक हा शब्द मी वरून घातला.

नानांनी देवघराकडे बघितलं. पाना लावून बघता येणार नव्हतं, पाने पुजलेले. टिपका दिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात गाडी सोडली नव्हती. मग म्हणाले, टिपके सोनं लुटल्यावर देऊ, तोवर जवाईबापूंचा शब्द आहे. सगळ्यांच्या देखत म्हणाले. दिनेशचं हसू आलंच नाही. तुम्हाला खरं सांगू? मला त्या क्षणी फार बरं वाटलं. माझी छाती फुगली. खोट्यावर मिळालेला मान इतका गोड लागतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी मनाशी ठरवलं, पहाटे उठून गुपचूप आवळून टाकायचे. उठलोही. देवघराशी गेलो तर पाटावर पाने ओळीने झोपलेले, चौदाच्या पान्यावर झेंडूचं फूल, आणि शेजारी आक्का पोथी वाचत बसलेल्या. मी पाणी प्यायलो आणि परत आलो. शेजारच्या कुणाकडून पाना मागता आला असता. गावात दहा गॅरेजं होती. मी स्वतःला समजावलं — नटांखाली स्प्रिंग वायसर आहेत, ते नट सुटू देत नाहीत, हाताने का होईना पण नट पुरते बसलेत, जीप अंगणातून रस्त्यापर्यंत जाणार, फोटो निघणार, परत येणार. संध्याकाळी सोनं लुटलं की पाने मोकळे. तेव्हा बघू.

सकाळी जीपला हार घातला. दिनेशने ती शेडमधून अंगणात आणली. सुंदर आली. कुठे आवाज नाही. नाना तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि मी त्यांचा फोटो काढला. तो फोटो माझ्याकडे आहे. मी तो बघत नाही आणि पुसतही नाही.

दुपारी अडीच-तीनला मी ओसरीवर आडवा झालो होतो. इंजिनाचा आवाज आला. दिनेश जीप फाटकातून मागे घेत होता. आक्कांची बहीण शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात राहते, एसटी चुकली म्हणून तिचा फोन आला होता. दिनेश म्हणाला, नव्यासारखी गाडी आहे, मीच घेऊन येतो मावशीला, तिलाही बसायची हौस. मी उठून बसलो. चप्पल पायात नव्हती. फाटक वीस पावलांवर होतं. दिनेश, थांब — दोन शब्द. तेवढे पुरले असते. नंतर काहीही सांगता आलं असतं, नट चेक करतो, विसरलो, काहीही. थोडी थट्टा झाली असती. दोन दिवस.

मी हात वर केला. दिनेशला वाटलं मी निरोप देतोय. त्यानेही हात हलवला आणि गेला.

पुढचा तास मी कसा काढला हे सांगता येत नाही. मी घड्याळ बघितलं, फोन बघितला, फाटकापर्यंत गेलो, परत आलो. वैशालीने विचारलं, पोट बिघडलं का? मी हो म्हणालो. दिनेशला फोन लावायला घेतला आणि ठेवला — चालवताना फोन उचलू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. काय माणूस आहे बघा, त्याही वेळी मला नियम आठवला. वायसर धरतील, वायसर धरतील, असं मी जप केल्यासारखं म्हणत होतो. मग फोन वाजला. नानांचा वाजला. माझा नाही.

मावशीच्या गावाअलीकडे उतार आहे, खाली नाला. तिथे शाफ्टचं मागचं टोक सुटलं. फिरता दांडा खाली आपटला आणि त्याने ब्रेकची नळी तोडली. जीप थांबेना. दिनेशने ती नाल्याच्या कठड्यावर घातली. मावशी अजून बसलेली नव्हती, एवढं नशीब. दिनेशचा उजवा हात कोपरापाशी तीन ठिकाणी मोडला.

नाना, आक्का, वैशाली धुळ्याच्या दवाखान्याकडे निघाले. घरी कुणीतरी थांबायला हवं होतं, गावातले लोक ट्रॅक्टरने जीप ओढून आणणार होते. मी थांबतो म्हणालो. सगळ्यांना ते समजूतदारपणाचं वाटलं.

आता मी त्या ठिकाणी आलो. इथवर जे सांगितलं ते आळस, खोटं, भित्रेपणा — माणसाच्या हातून होतं ते. तुमच्याही हातून असलं काही झालं असेल. मला सांगायचं आहे ते यापुढचं.

ट्रॅक्टरवाले जीप शेडमध्ये लोटून गेले. मी एकटा खाली शिरलो. मागचे तीन बोल्ट कुठेतरी रस्त्यात गळून गेले होते. चौथा एकटा किती ओढणार? त्याचं डोकं तुटलं होतं, पण शेपूट नटासकट हाउसिंगच्या भोकात वाकून अडकून राहिलं होतं. तो नट स्वच्छ होता. त्याच्यावर टिपका नव्हता. अर्थात नव्हता, नानांनी दिलाच नव्हता.

मी त्या नटाकडे बघत पडून राहिलो. हा नट नाना बघणार. टिपका नाही म्हणजे नानांचा हात त्याला लागलेला नाही, म्हणजे प्रश्न माझ्याकडे येणार. कडक आवळले होते ना, जवाईबापू? मग चारही कसे गेले? — मग दिनेश. मग वैशाली.

नट काढून फेकून देता आला असता. पण मग चारही गेले, आणि शब्द माझाच उरत होता. मी बाहेर आलो. फळीवरची बाटली घेतली. परत खाली शिरलो. टिपका नीट गोल आला. ब्रश नानांसारखा धरला होता — इतक्या वेळा पाहिलं होतं मी. तो सुकेपर्यंत फुंकर मारली. ओला चमकत होता म्हणून बोटावर धूळ आणि ग्रीस घेऊन त्यावर चोळलं. माझ्या बोटाला लागलेला लाल रंग मी रॉकेलने पुसला आणि बाटली होती तशी फळीवर ठेवली. तिचं लेबल भिंतीकडे होतं, तेही आठवून तसंच केलं.

हे मी केलं. नानांचा टिपका मी दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना दवाखान्यातून आले ते सरळ शेडमध्ये गेले. जाताना मला म्हणाले, आवळलेले नट असे सुटत नाहीत, बोल्टातच काही खोट असणार, बघतो. मागे टिपके द्यायचे राहिलेच होते. त्यांनी माझ्यावर संशयसुद्धा घेतला नव्हता, बघा. त्यांनी बोल्टावर घेतला होता. ते बॅटरी घेऊन खाली गेले. मी त्यांच्या पायांकडे बघत उभा होतो. पाय हलायचे थांबले. बराच वेळ ते तसेच होते. मग ते बाहेर आले, हातात तो तुटका तुकडा होता. त्यांनी तो उन्हात धरला, अंगठ्याने टिपक्यावरची धूळ पुसली.

“हाऊ टिपका मनाच शे,” ते म्हणाले.

हा माझाच टिपका, असं मला नाही म्हणाले. स्वतःलाच. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात, “मी दिधा व्हई. माले यादच नई.”

नवमीच्या सकाळी चारही नट समोरच होते, आंघोळीआधी आपण घाईत पुढच्यांबरोबर मागेही टिपका दिला असेल, पाना न लावताच — असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मला! आणि पंगतीत विचारलं तेव्हा आपण आधीच टिपका दिलाय हेही आपण विसरलो असणार. माझ्या अपराधाची त्यांनी अशी नीट जुळणी केली, आणि ती स्वतःच्या अंगावर चढवली. तुम्ही आवळले असतील, जवाईबापू, म्हणाले, पण शेवटचा हात माझा होता, शेवटच्या हाताचीच जबाबदारी. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मला त्यांचं वाईट वाटतंय.

त्यांनी ते घरात सगळ्यांना सांगितलं. लपवलं नाही. दिनेश प्लास्टरमध्ये होता, दुखत होतं, एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, “नाना, तुमनी हौसमा मना हात गया.” त्याने दुसऱ्या दिवशी पायावर डोकं ठेवलं, पण शब्द निघून गेला होता. मी त्याच खोलीत होतो, मोसंबी सोलत. दिनेशचा कोपर आजही पूर्ण सरळ होत नाही. मोटर उचलायला दुकानात माणूस ठेवावा लागला. तो हसून म्हणतो, सलाम ठोकायला बरा पडतो. मी त्याच्याकडे गेलो की त्याच्या हाताकडे न बघता कसं बोलायचं याचा मला आता चांगला सराव झालाय.

नानांनी शेडला कुलूप लावलं. पाने तेल लावून, कापडात गुंडाळून पेटीत ठेवले. पुढच्या खंडेनवमीला आक्कांनी पाट मांडला तर त्यावर एक विळा आणि एक करवत. नाना म्हणाले, मिस्त्री गेला, त्याची हत्यारं कशाला पुजता.

आणि मग ते कड्या तपासायला लागले. रात्री दाराची कडी लावायची, अंथरुणावर बसायचं, उठून पुन्हा बघायचं. गॅसचं बटण. पाण्याचा नळ. एकदा आम्ही सगळे जेवून उठलो आणि तासाभराने त्यांनी आक्कांना विचारलं, “मी जेवनू का?” आक्का हसल्या, मग रडल्या. त्यांना विसर पडला नव्हता हो. मी शेजारीच बसलो होतो, मला दिसत होतं — जेवलेलं त्यांना आठवत होतं, पण त्या आठवणीवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. काही दिवसांनी ते टिपके द्यायला लागले. कडी लावली की तिथे नेलपॉलिश, गोळी घेतली की त्या पाकिटावर नेलपॉलिश. घरभर लाल टिपके झाले. आणि तरी ते टिपका दिसला की थांबायचे, आणि हात लावून पुन्हा बघायचे. एका टिपक्याने त्यांना फसवलं होतं ना.

डॉक्टर म्हणाले, वय आहे, होतं असं. घरच्यांनी ते मानलं. मीही त्या वयाच्या आडोशाला नऊ वर्षं उभा आहे. कधी कधी तर असंही मनात आणतो की नानांना सगळं माहीत असेल, आणि जावयाला, लेकीच्या संसाराला सांभाळून घेतलं असेल. किती सोयीचा विचार! नाही. त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तर माणूस एका रात्री पाच पाच वेळा उठून स्वतःच्या घराची कडी कशाला बघेल?

सांगायची वेळ आली नाही असंही नाही. दर दिवाळीला आली. दर भाऊबीजेला, वैशाली दिनेशला ओवाळायची तेव्हा, तो डाव्या हाताने ओवाळणी टाकायचा तेव्हा आली. जिभेवर यायचं आणि मी चहा मागायचो.

दोन वर्षांपूर्वी दिनेश जीप भंगारात द्यायला निघाला. मी मागून घेतली. ट्रकवर घालून जळगावला आणली, घरामागे पत्रे टाकले, कप्पी टांगली. का? वैशालीला वाटतं, नानांवरच्या प्रेमाने. मला वाटलं होतं, सगळं पुन्हा पहिल्यापासून नीट बसवलं तर काहीतरी सुटेल. काही सुटत नाही. रविवारी रविवारी काम केलं, सगळी चाल पुन्हा उतरवली आणि पुन्हा चढवली. गिअरबॉक्स बसताना मी जोर लावला नाही. केसभर फिरवलं आणि सुळकन गेला. तेव्हा मी शेडमध्ये एकटाच खूप रडलो.

गेल्या महिन्यात नाना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. मोतीबिंदू. हिरवा चष्मा लावून सकाळचे ते प्लास्टिकच्या खुर्चीत शेडच्या दारात बसायचे. शाफ्ट बसवायचा मी मुद्दाम त्यांच्यासाठी राखून ठेवला होता. मनाशी पक्कं केलं होतं — त्यांच्यासमोर आठही नट आवळायचे, बाटली त्यांच्या हातात द्यायची आणि सांगून टाकायचं. वाक्यसुद्धा तयार होतं. नाना, तो टिपका मी दिला होता. एवढंच वाक्य. रात्रभर घोकलं होतं.

आठही नट आवळले. प्रत्येक तीनदा. पाना हातातून सुटेपर्यंत. मग बाहेर येऊन बाटली त्यांच्यापुढे धरली आणि म्हणालो, नाना, टिपके तुम्ही द्या. त्यांनी बाटली घेतली, उघडली, ब्रश बाहेर काढला. ते ब्रशकडे बघत राहिले. मग तो परत बाटलीत घातला, आणि बाटली माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटवली.

“तुम्हीच द्या, जवाईबापू,” ते म्हणाले. “तुमना हात पक्का शे. मना टिपकावर आते मनाच भरवसा नई.”

वाक्य माझ्या तोंडात होतं. तोंड उघडंही होतं.

मी खाली शिरलो. आठही नटांवर टिपके दिले. नाना खुर्चीतून वाकून बघत होते आणि एकेका टिपक्याला मान हलवत होते.

बाहेर आलो तर माझ्या बोटाला लाल रंग लागलेला. नानांनी खिशातून रुमाल काढला, माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला, आणि ते बोट पुसायला लागले. मी पुसू दिलं.